खिळे घासणारा मुलगा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या पालमच्या घरात पत्रिकांची चळत साठते. शेतीवाडीचे संबंध, बँकेतल्या नोकरीतले संबंध, शिवाय भाऊबंद. त्यामुळे एकेका तिथीला चार-पाच ठिकाणची निमंत्रणे. अलीकडे या पत्रिकांवर वधूवरांची नावे एका ठरावीक नाजूक अक्षरात छापलेली असतात. रेघ केसासारखी बारीक, काना खाली येता येता किंचित वळलेला, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावरून लांबवर गेलेली. कुणी तरी निवांत बसून टाकाने लिहिले असावे असे वाटते. प्रत्यक्षात लिहिलेले कुणीच नसते. संगणकातला फाँट असतो, आणि तेच अक्षर गावोगावच्या पत्रिकांवर दिसते.

आमच्या छपाईवाल्याचा यातला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. नावे त्या नाजूक अक्षरात. मुहूर्त, मंगल कार्यालय आणि गाव मात्र साध्या, जाड अक्षरात. गिऱ्हाइकाने सगळी पत्रिका नाजूक अक्षरात मागितली तर तो सरळ नाही म्हणतो. पाहुणे चुकून दुसऱ्याच मांडवात जेवून येतात, असा त्याचा अनुभव आहे.

हाताने लिहिल्यासारखे दिसावे, हजारो प्रतींत एकसारखे उमटावे आणि तरीही म्हाताऱ्या माणसाला चष्म्याने का होईना वाचता यावे, ही मराठी अक्षराची अडचण संगणकाबरोबर आलेली नाही. ती दोनशे वर्षे जुनी आहे. ती ज्या माणसाने सर्वांत चांगली सोडवली असे मी मानतो, त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी. हे नाव आज फारसे कुणी घेत नाही. पण निर्णयसागर म्हटले की ज्यांच्या घरात जुन्या पोथ्या किंवा संस्कृतची पुस्तके होती, त्यांना लगेच ओळख पटेल. तो छापखाना जावजींचा.

अक्षरांकडे मी वळलो तो बँकेमुळे. साहित्याने ते काम केले नाही. सहीचा नमुना आणि चेकवरची सही ताडून पाहणे हे आमचे रोजचे काम. एकाच माणसाची सही सकाळी एक आणि दुपारी दुसरी असते, हे मी हजारो वेळा पाहिले आहे. शेतीकर्जाच्या तारणासाठी येणारे कागद तर अक्षरांचे प्रदर्शनच. आमचा परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे एखाद्या घरातल्या गाठोड्यातून आजोबांचे खरेदीखत उर्दूत निघे, पणजोबांची खतावणी मोडीत, आणि पोथी बाळबोध अक्षरात. तीन लिप्या आणि तीन वेगवेगळे हात.

यातली उर्दूची नस्तालिक लिपी फार देखणी. तिच्यातला शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो. प्रत्येक अक्षर शेजारी पाहून आपला आकार बदलते, म्हणून ती शिशाच्या खिळ्यांत बसवणे महाकठीण. परिणाम असा झाला की उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकातही कातिब हाताने लिहीत आणि मग त्यावरून छपाई होई. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालिक तयार झाली, तीही एकेक अक्षर सुटे ठेवून नव्हे, तर हजारो शब्दाकृती आधीच लिहून ठेवून.

मोडीही धावत्या हाताची. बोरू शक्यतो न उचलता लिहायची, कारकुनाच्या सोयीची. तिला मात्र शिशात घालण्याचा प्रयत्न फार लवकर झाला आणि तोही महाराष्ट्राबाहेर. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. पंडित वैजनाथ हे त्याचे मराठीचे गुरू. मराठी लोकांचा रोजचा व्यवहार मोडीत चालतो हे त्यांच्याकडून कळल्यावर कॅरीने मोडीचे खिळे पाडून घेतले आणि १८१० चा मराठी कोश मोडीत काढला. तरी मोडीची छपाई मूळ धरू शकली नाही. मोडीचा सारा डौल हाताच्या वेगात. एकेक अक्षर सुटे करून शेजारी शेजारी उभे केले की तो वेगच निघून जातो. मागे उरते ते वाचायला अवघड अक्षर.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१६ च्या सुमारास सुरू झाला. पुढे गणपत कृष्णाजी या उद्योगी मराठी माणसाने शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली पंचांग छापले. शिळाप्रेसवर अक्षर हातचेच राहते. लिहिणाऱ्याने विशिष्ट शाईने लिहायचे आणि ते दगडावरून उमटवायचे. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पुस्तकाला शिवत नसत, तर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे त्यांना नमस्कार करून पुढे जातो.

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. घराणे मूळचे उंबरगावचे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आज गुजरातेत आहे. घरची गरिबी इतकी की शाळेचे नाव घेण्याआधी पोटाचे पाहणे आले. दहाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. पगार महिना दोन रुपये. काम खिळे घासण्याचे.

हे काम म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे, कारण आता खिळ्यांचा छापखाना पाहिलेला माणूसही दुर्मीळ झाला. आधी एक कारागीर पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतो. ते झाले की कांब कडक करायची आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, म्हणजे तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. त्या खळग्याला मातृका म्हणतात. मातृका साच्यात बसवून वितळलेले शिसे ओतायचे. नुसते शिसे मऊ, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. थंड झाला की एक खिळा तयार. पण ओतताना त्याच्या कडेला धातूची नखे राहतात, खालचा भाग ओबडधोबड असतो. तो घासून सारखा केला नाही तर खिळे एका ओळीत उभे राहत नाहीत, छापताना एक अक्षर वर येते आणि दुसरे खाली दबते. हे घासण्याचे काम पोरांचे. दिवसभर बोटांना शिसे लागलेले आणि डोळ्यांसमोर उलटी अक्षरे.

त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम हा खिळे पाडण्यातला जाणता माणूस होता. जीवन वल्लभ या कारागिराबरोबर त्याने मराठी खिळे पाडले होते आणि अमेरिकन मिशनच्या अक्षरांचा मुंबईत लौकिक होता. जावजी जे शिकले ते अशा माणसांच्या हाताखाली. शाळेतला मुलगा अक्षर पाटीवर शिकतो, जावजी ते बोटांनी शिकले. कुठली रेघ घासताना तुटते, कुठल्या अक्षराची मात्रा आधी मोडते, कुठला खळगा शाईने बुजतो, हे त्यांना त्या वयात कळले असणार. माझे मत असे की पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचे बी इथे आहे. बारीक रेघ कागदावर सुंदर दिसते, पण यंत्राच्या दाबाखाली पहिला बळी तिचाच जातो. अक्षर किती नाजूक करायचे याला एक मर्यादा असते, आणि ती लिहिणाऱ्याच्या आधी खिळे घासणाऱ्याला कळते.

मिशनचा छापखाना सोडल्यावर त्यांनी इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या केल्या. मग १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, स्वतःची खिळ्यांची ओतशाळा काढली.

हे साल वाचताना माझ्यातला बँकवाला जागा होतो. १८६४ ची मुंबई म्हणजे पैशाचा पूर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तिथला कापूस बंद, म्हणून लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाला मागतील तो भाव देत होत्या. शेअर बाजारात कारकुनापासून शेटजीपर्यंत सगळे उतरलेले. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली. बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक त्या तडाख्यातून सावरली नाही, १८६८ साली तिचा गाशा गुंडाळला. त्या वादळाच्या तोंडावर एक तरुण शिसे वितळवत बसला होता, आणि १८६९ साली, बाकीचे लोक देणी मोजत असताना, त्याने स्वतःचा छापखाना घातला. तोच निर्णयसागर. कर्जाच्या अर्जांवर शेरे मारण्यात माझी हयात गेली. असा अर्ज समोर आला असता तर मी बहुधा तारण मागितले असते, आणि त्याच्याकडे दाखवायला हातातली कला सोडून काही नसते.

त्या कलेचा दुसरा हात होता राणोजी रावजी आरू. हे जावजींचे स्नेही आणि पोलादावर अक्षर कोरणारे असामान्य कारागीर. निर्णयसागरच्या अक्षरांची जी कीर्ती झाली तिच्यात राणोजींचा वाटा मोठा. मालक म्हणून जावजींचे नाव राहिले, राणोजींचे जाणकारांपुरते. कारागिरांच्या बाबतीत आपल्याकडे असे नेहमी घडते. पण या दोघांची जोडी जमली नसती तर मराठी पुस्तकाचा चेहरा वेगळा झाला असता.

त्यांच्या अक्षरात काय होते? जुन्या पोथीच्या लेखकाचा बोरू तिरका कापलेला असतो. त्यामुळे एकाच फराट्यात रेघ जाड सुरू होते, वळणावर बारीक होते आणि पुन्हा भरते. हे जाडबारीकपण म्हणजे हाताची खूण. मिशनऱ्यांच्या पहिल्या खिळ्यांत ते बोजड झाले होते. अक्षरे मांडून ठेवलेल्या सामानासारखी दिसत. निर्णयसागरच्या अक्षरात बोरूचे वळण परत आले. गोलाई मोकळी, कान्याची उभी रेघ भरदार, शिरोरेघ सरळ, आणि अक्षराच्या पोटात पुरेशी पांढरी जागा. ही पांढरी जागा फार महत्त्वाची. शाई पसरली तरी अक्षर बुजत नाही. म्हणजे बोरूचे सगळे चोचले त्यांनी शिशात आणले नाहीत. जेवढे यंत्राच्या दाबाखाली टिकेल तेवढेच घेतले. आणि सहीच्या नमुन्यांवरून मला जे रोज दिसे, त्याच्या नेमके उलट काम कोरणाऱ्याला करायचे होते. लिहिणाऱ्याच्या हातून दिवसभरात शंभर क उतरतात आणि शंभरही वेगळे. कोरणाऱ्याने त्यांतला एकच निवडायचा, आणि तो असा की कुठल्याही अक्षराशेजारी उभा केला तरी परका दिसू नये.

शिवाय मराठीचा पसारा इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांत आटपत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि त्यावर जोडाक्षरांची फौज. खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. संस्कृत छापायचे तर आणखी. जुळाऱ्यासमोरच्या खणांचा पसारा एखाद्या वाण्याच्या दुकानाला लाजवील असा असे. लोकमान्य टिळकांनीही पुढे खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोके शिणवले. यातला प्रत्येक खिळा आधी पोलादावर कुणी तरी हाताने कोरलेला असतो, आणि एकाच मापाचा संच करून भागत नाही. पोथीला मोठे अक्षर लागते, पंचांगाच्या कोष्टकांना बारीक, टीपांना त्याहून बारीक. अक्षर लहान करताना नुसते आकसवून चालत नाही, त्याचा समतोल नव्याने साधावा लागतो.

आमच्या छपाईवाल्याचा नियम आठवा. कुठे कुठले अक्षर, हे जावजींच्या छापखान्यात फार वरच्या पातळीवर चाले. संस्कृत काव्याच्या पानावर मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, त्याखाली टीका लहान अक्षरात, तळाशी पाठभेद आणखी लहान अक्षरात. वाचणाऱ्याची नजर आपोआप आधी श्लोकावर जाते. या पद्धतीची कमाल त्यांच्या मागे, १९१७ साली निघालेल्या ब्रह्मसूत्र शांकरभाष्याच्या आवृत्तीत दिसते. तिच्यात भाष्य, त्यावर भामती, तिच्यावर कल्पतरू आणि त्याच्यावर परिमल, असा टीकेवर टीकेचा मजला चढलेला आहे आणि तरी पान वाचता येते. पोथ्यांचे तंत्र निराळे. त्या आडव्या, सुट्या पानांच्या, हस्तलिखितासारख्याच काढायच्या, म्हणजे पारायणाला बसलेल्या माणसाला सवय मोडल्यासारखे वाटत नाही. आणि निर्णयसागर पंचांग तर जिथे पुस्तक नाही अशाही घरात खुंटीला लटकत असे.

मुलांसाठीही त्यांनी पैसा घातला. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ साली निघाले ते निर्णयसागरमधून. ओकांनी ते पुढे वर्षानुवर्षे चालवले. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही त्याने हे मासिक छापावे, यातले मोल मला ‘काव्यमाले’इतकेच वाटते. ‘काव्यमाला’ १८८६ ची. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादन करायचे आणि निर्णयसागरने महिन्याच्या महिन्याला अप्रसिद्ध संस्कृत काव्ये छापायची, अशी ती योजना. पंडितांच्या घरी, राजेरजवाड्यांच्या पेट्यांत कसर खात पडलेले ग्रंथ त्यातून लोकांपुढे आले. युरोपातले संस्कृतचे अभ्यासकही निर्णयसागरच्या आवृत्त्या वापरत.

यात एक हिशेब तोट्याचाही आहे. पोथ्या नकलून पोट भरणारे लेखक गावोगाव होते. प्रत्येकाचे वळण वेगळे, शाई वेगळी, समासातली लाल रेघ वेगळी. छापील पोथी स्वस्त झाली आणि त्यांचा धंदा बसला. त्या सगळ्या हातांच्या जागी एकच हात आला, राणोजींचा. पण दुसऱ्या बाजूला पाहिले तर हाती लिहिलेली पोथी आमच्या गंगाखेड-पालमकडच्या किती घरांत असणार? एखाद्या देशमुखाच्या, एखाद्या भटजींच्या. जनाबाईचे गाव हाकेच्या अंतरावर, पण तिचे अभंग बहुतेकांना ऐकूनच माहीत. छापील पोथी आली तेव्हा ती कुणब्याच्या आणि शिंप्याच्याही देवळीत गेली, आणि ज्यांना जेमतेम अक्षरओळख होती त्यांना बोट ठेवून वाचता येऊ लागली. बोट ठेवून वाचणाऱ्याला रोज बदलणारे वळण परवडत नाही. त्याला क कायम तसाच दिसावा लागतो. लेखकांबद्दल मला वाईट वाटते, पण मी या बाजूचा आहे.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी वारले. पन्नाशी नुकती उलटली होती. काळबादेवीजवळ कोलभाट लेनमधला छापखाना त्यांच्यामागे बंद पडला नाही.

त्यांच्या अक्षरांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. अ, झ, ण ही अक्षरे मुंबईकडे एका वळणाने लिहीत आणि उत्तरेत दुसऱ्या. मुंबईच्या खिळ्यांची पुस्तके देशभर गेली आणि स्वातंत्र्यानंतर हिंदीची प्रमाण लिपी ठरली तेव्हा या तीन अक्षरांत मुंबईचेच वळण घेतले गेले. ल आणि श यांच्या बाबतीत मात्र दोन घरे वेगळी राहिली. संगणक आला तेव्हा पडद्यावर हिंदी वळणाचे ल आणि श दिसू लागले आणि मराठी माणसाला ते खुपू लागले. शेवटी महाराष्ट्र शासनाला २००९ च्या नोव्हेंबरमध्ये निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श कोणते ते ठरवून द्यावे लागले. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी माणसाने केला. पवईच्या आयआयटीत त्यांनी अक्षररचना शिकवली, २००८ साली ते गेले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘कलम’ नावाचा, हाताने लिहिल्यासारखा दिसणारा देवनागरी फाँट काढला, तो कुणालाही फुकट वापरता येतो. आता पोलाद कोरावे लागत नाही, शिसे घासावे लागत नाही. बारीक रेघ मोडण्याची भीती उरली नाही, म्हणूनच कदाचित ती हवी तेवढी बारीक होत चालली आहे.

निर्णयसागरची जुनी पुस्तके कुणाकडे असतील तर त्यांचे मुखपृष्ठानंतरचे पान पाहावे. जावजींनंतरच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी हे नाव येते, मग पांडुरंग जावजी. आणि १९४० नंतरच्या पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग. वेदान्ताच्या आणि व्याकरणाच्या ग्रंथांवर, ज्यांचे संपादक सगळे शास्त्री आणि पंडित, प्रकाशकाच्या जागी एका बाईचे नाव, त्याच मोकळ्या गोलाईच्या अक्षरात.